ग्लुकोमीटरची साक्ष

मधुमेह झालेल्या माणसाच्या घरीं हल्लीं औषधांच्या बाटल्यांशेजारीं एक लहानसें यंत्र असतें. बोटाच्या टोकाला सुई टोचावी, रक्ताचा थेंब पट्टीला लावावा, आणि कांहीं सेकंदांत कांचेवर आंकडा उमटावा, असा हा ग्लुकोमीटर. सकाळीं त्यानें १४२ दाखविले. शंका आली म्हणून लगेच दुसरा थेंब घेतला, तों १५८! मग घरांत वाद सुरू होतो. एकजण म्हणतो, यंत्र बिघडलें. दुसरा म्हणतो, पहिला आंकडा बरा आहे, तोच खरा धरावा. श्रोतेहो, वस्तुतः दोघांचेंही चुकतें. यंत्र बिघडलेलें नसेल, आणि दोन्ही आंकड्यांपैकीं एकही अक्षरशः खरा नसेल. तें कसें, हें आज पाहावयाचें आहे.

या यंत्राची योग्यता कळण्यास त्याच्या पूर्वींची स्थिति आठवावी. स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं एक निळें द्रावण तयार केलें. त्यांत लघवीचे थेंब घालून तापविलें, कीं साखरेच्या मानानें हिरवा, पिवळा किंवा विटकरी रंग येई. परंतु रक्तांतील साखर १८० च्या आसपास चढेपर्यंत ती बहुधा लघवींत उतरत नाहीं. आणि ती धोक्याइतकी खालीं गेली, तर ही परीक्षा मुकीच राही. पुढें १९६५ च्या सुमारास रक्ताच्या थेंबानें रंग बदलणारी पट्टी निघाली, व १९७० च्या सुमारास तो रंग वाचणारें यंत्र आलें. हल्लींच्या बहुतेक यंत्रांच्या मुळाशीं लीलंड क्लार्क यानें १९६२ मध्यें मांडलेली कल्पना आहे. पट्टीवरील पाचकद्रव्यासारखें एक द्रव्य साखरेवर क्रिया करतें, त्या क्रियेंतून विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि यंत्र तो प्रवाह मोजून साखरेचें अनुमान करतें.

अनुमान म्हटलें कीं त्याला मर्यादा आलीच. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनें २०१३ मध्यें ती अशी ठरविली: प्रयोगशाळेच्या मापाशीं ताडून पाहतां, शंभरांपैकीं निदान ९५ आंकडे, साखर दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षां कमी असतां १५ मिलिग्रॅमच्या आंत, आणि १०० किंवा अधिक असतां शेंकडा १५ च्या आंत यावेत. म्हणजे खरी साखर १५० असेल, तर १४२ आणि १५८ हे दोन्ही आंकडे निर्दोष ठरतात. २०० च्या जागीं १७० किंवा २३० आले, तरीही यंत्र कसोटीस उतरतें. वखारींतील काट्यावर लांकडें तोलावींत, सोनें तोलूं नये, एवढाच याचा अर्थ.

मात्र खरी साखर ६० असतां यंत्रानें ७५ दाखविले, तर तेंही या नियमांत बसतें. ७० च्या खालीं साखर उतरणें हें धोक्याचें लक्षण मानतात. अशा वेळीं हातपाय कांपत असतील, घाम सुटला असेल, आणि घरचीं माणसें कांचेकडे बोट दाखवून सर्व ठीक आहे असें म्हणत असतील, तर तीं रोग्याला संकटांत लोटतील. शरीराची साक्ष येथें यंत्राहून श्रेष्ठ मानावी. शुद्धीवर असलेल्या रोग्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून आधीं द्यावी. वाद मागाहून करावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहींही न घालतां तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी.

याशिवाय कांहीं चुका यंत्राच्या माथीं मारल्या जातात, पण त्या वापरणाराच्या असतात. फळ सोललेल्या हातानें थेंब काढला, तर बोटावरील रसाची साखरही मोजली जाते. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबूं नये. हात साबणानें धुवून कोरडे करावेत. पावसाळ्यांत पट्ट्यांची डबी उघडी राहिली, कीं दमट हवेनें पट्ट्या निकामी होतात. तिसरें कारण रोग्याच्या रक्तांतच असतें. रक्तक्षय झालेल्या माणसाच्या रक्तांत तांबड्या पेशी कमी असल्यानें अनेक यंत्रें साखर वाजवीपेक्षां अधिक दाखवितात. आपल्याकडील स्त्रियांत हा विकार पुष्कळ आढळतो. म्हणून त्यांनीं ही गोष्ट डॉक्टरांच्या कानीं अवश्य घालावी.

यंत्राची परीक्षा प्रयोगशाळेशीं ताडून करावयाची, तर ती उपाशीपोटीं व एकाच वेळीं करावी. जेवणानंतर बोटाच्या रक्तांत शिरेच्या रक्तापेक्षां साखर अधिक असते. उलट, नळींत राहिलेल्या रक्तांतील पेशी साखर खात राहतात. रक्त वेळेवर तपासलें नाहीं, तर प्रयोगशाळेचाही आंकडा उतरतो.

तात्पर्य, एका आंकड्यानें हर्षूं नये, घाबरूंही नये. आणि एवढ्यावरून इन्सुलिनची मात्रा स्वतःच्या विचारानें बदलूं नये. विलक्षण आंकडा आला, तर हात धुवून नव्या पट्टीनें पुन्हा पाहावें. प्रत्येक आंकडा वेळ व जेवण यांच्या नोंदीसह वहींत लिहावा. पंधरा दिवसांच्या त्या वहींतून साखरेचा कल दिसतो, आणि डॉक्टरांना औषध ठरवितांना त्या कलाचाच उपयोग होतो.