साठवणीतील वस्तूचे वय

वारंवार लागणारी माहिती मूळ भांडारातून दर वेळी न आणता संगणक ती हाताशी ठेवतो. त्या तात्पुरत्या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. जागा मोजकी, त्यामुळे नवे आले की जुने काढणे आले. पण जुने कोणते?

ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये ‘लाइव्हजर्नल’साठी ‘मेमकॅश्ड’ रचले. त्यात हे वय जन्मापासून नव्हे, शेवटच्या वापरापासून मोजले जाई. ज्या वस्तूला सर्वांत दीर्घकाळ कोणी शिवले नाही, ती प्रथम बाहेर. ग्रंथालयाने मात्र हा नियम उचलू नये. कॅशमधून गेलेली वस्तू भांडारातून पुन्हा आणता येते. कपाटातील जीर्ण प्रत कदाचित एकमेव असते.

दर स्पर्शाची वेळ टिपत बसल्यास कारकुनीच वाढेल, म्हणून एका वस्तूची ही नोंद तेव्हा ६० सेकंदांत एकदाच बदलत असे. जाणकार गेलेल्या वस्तूचेही वय पाहतात. काही क्षणांपूर्वी वापरलेलीच बाहेर पडत असेल, तर साठा तोकडा. कित्येक दिवस पडून राहिलेली जात असेल, तर जागा पुरेशी आहे.