खिडकीच्या दोन्ही बाजूंनी



मला ‘शहर आणि आपण’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मी समाजशास्त्राचा अभ्यासक नाही, सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आहे. म्हणून मोठं काही न मांडता एका खिडकीबद्दल बोलतो.

रत्नागिरीत इंजिनिअरिंग संपवून मी नोकरीसाठी मुंबईला आलो आणि डोंगरीत फुफीकडे राहिलो. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांचा मुंबईतला पहिला पत्ता हाच असतो. फुफीची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीसमोरून हार्बरची लोकल जायची. तुमच्यापैकी ज्यांनी सँडहर्स्ट रोड स्टेशन पाहिलंय त्यांना माहीत असेल, तिथे मेन लाइनच्या गाड्या खालून जातात आणि हार्बरच्या वरून. भारतातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्याला गेली, ती याच हार्बर मार्गावरून. रूळ उंचावर असल्यामुळे इथे गाडीतून रस्ता दिसत नाही, थेट लोकांची घरं दिसतात.

माझं ऑफिस नवी मुंबईत. रोज सकाळी दारात उभा राहून मी ती घरं बघायचो. कुणी खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करतोय. कुणाची गोधडी वाळतेय. एक म्हातारी सुपात तांदूळ निवडतेय. शाळेचा गणवेश घातलेला मुलगा चहात पाव बुडवतोय आणि आई त्याचा भांग पाडतेय. रमजानमध्ये संध्याकाळी परतताना दस्तरख्वानावर फळं, खजूर मांडलेले आणि सगळं घर अजानची वाट बघत गप्प बसलेलं. बातम्यांत आमच्या मोहल्ल्याचं नाव निघालं की लोकांचे चेहरे बदलतात. त्यांना ही सकाळ दाखवावी असं मला फार वाटायचं.

यात डोकावणं नव्हतं. दोन-तीन सेकंदांत गाडी पुढे जाते. थांबून, फोन काढून बघितलं तर ती आगळीक. येता-जाता दिसलं आणि मन भरून आलं, तर तो शेजार.

एक दिवस मी नेहमीपेक्षा उशिराच्या गाडीत चढलो. गाडीने अजून वेग घेतला नव्हता. एका खिडकीत एक बाई हातात कप धरून गाडीकडे बघत उभी होती. चांगली दिसत होती, विचारात हरवलेली. क्षणभराने कळलं, ही तर आपली फुफी! सहा महिने तिच्या हातचं खात होतो, पण ती एकटी असताना कशी दिसते हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

रात्री विचारलं, “फुफी, सकाळी गाडीत काय बघत होतीस?”

ती आधी लाजली. मग म्हणाली, “बायकांचा डबा बघते रे. एकीच्या हातात रोज पुस्तक असतं. एक उभ्या उभ्या भाजी निवडते. एक पोटुशी होती, मग बरेच दिवस दिसली नाही. परवा परत दिसली, तेव्हा जिवात जीव आला.”

फुफीची शाळा सातवीत सुटली होती. मी ज्या खिडक्यांकडे कौतुकाने बघत होतो, त्यातल्या एकीतून इतकी वर्षं कुणीतरी आमच्याकडे बघत होतं.

त्याच वर्षी माझी आतेबहीण बारावी पास झाली. तिचं कॉलेज नेरुळला. फुफा म्हणाले, “लोकलच्या गर्दीत मुलगी नको. कोण कसलं असतं, आपल्याला काय माहीत?” माझ्याकडे बोलायला मुद्दे होते. पण मी तोंड उघडायच्या आत फुफी म्हणाली, “मला माहीत आहे. वीस वर्षं मी त्या डब्यात कोण असतं ते बघतेय. तुम्ही बघितलंय का?”

फुफांकडे उत्तर नव्हतं. ते लगेच ‘हो’ म्हणाले नाहीत. आठवडाभर घरात अबोला होता. पण पास काढला गेला. पहिल्या दिवशी आतेबहीण डब्यातून हात हलवत होती आणि खिडकीत फुफी उभी होती. त्या दिवशी फुफाही मागे उभे होते, वर्तमानपत्र धरून, न वाचता.

आज मी अकराव्या मजल्यावर राहतो. काचा बंद, एसी चालू. समोरच्या घरात कोण राहतं, मला माहीत नाही. त्यांनाही मी माहीत नाही. अशा बंद काचांआड एकमेकांबद्दल काहीही खरं वाटू लागतं.

म्हणून तुम्हाला एकच काम सांगतो. आज घरी गेल्यावर आईला, आजीला, फुफीला विचारा, “तू खिडकीत उभी राहून काय बघतेस?” आणि उत्तर पूर्ण ऐका. मध्ये बोलू नका.