देवघेवीची नोंद : एकदाच आणि वेळेवर



ग्रंथ कोणाकडे गेला आणि केव्हा परत आला, याचे बिनचूक उत्तर देवघेवीच्या नोंदीतून मिळाले, तरच सभासदाचा ग्रंथालयावर विश्वास बसतो. पूर्वी हे काम नोंदवही करीत असे. आता अनेक ठिकाणी ते संगणकाकडे आले आहे. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेली व जानेवारी २००० मध्ये कार्यान्वित झालेली ‘कोहा’ ही मुक्त संगणक प्रणाली महाराष्ट्रातील कित्येक महाविद्यालयीन ग्रंथालयांतही वापरली जाते.

इंटरनेटची जोडणी खंडित झाली तरी वाचकाला रिकाम्या हाताने परतावे लागू नये, अशी सोय या प्रणालीत आहे. त्या काळातील देवघेव स्थानिक संगणकावरील फाईलमध्ये नोंदविली जाते आणि जोडणी पूर्ववत होताच ती फाईल मुख्य संगणकावर चढविली जाते. सोय मोलाची आहे. परंतु दक्षता न घेतल्यास तीच घोटाळ्याचे मूळ ठरते.

समजा, ३ तारखेला जोडणी नसताना एका सभासदाने कादंबरी परत केली. ५ तारखेला जोडणी आल्यावर तीच प्रत दुसऱ्या सभासदास देण्यात आली. विसरलेली फाईल १० तारखेला चढविली गेली आणि तारखेची शहानिशा न होता त्यातील ‘परत’ ही नोंद लागू झाली, तर दुसऱ्या सभासदाच्या नावावरील पुस्तक उतरते. पुस्तक त्याच्या घरी, आणि संगणक मात्र ते कपाटात असल्याचे सांगतो! एकच फाईल दोनदा चढविली गेल्यास एकदाच भरलेला दंड दोनदा जमा दिसू शकतो, किंवा पुस्तक परत करून निश्चिंत झालेल्या विद्यार्थ्याच्या नावावर ते पुन्हा चढू शकते. मग मागणीपत्र जाते ते निर्दोष माणसाच्या घरी.

यावर उपाय सोपे आहेत. फाईल चढविण्याची जबाबदारी एकाच कर्मचाऱ्याकडे असावी. प्रत्येक फाईलच्या नावात दिनांक व संगणकाचा क्रमांक असावा. जोडणी येताच, नवी देवघेव सुरू करण्यापूर्वी, सर्व संगणकांवरील प्रलंबित नोंदी एकत्र पाहून कालक्रमाने लागू कराव्यात. त्यासाठी संगणकांची घड्याळे अचूक हवीत. चढविलेली फाईल लगेच वेगळ्या कप्प्यात हलवावी आणि दिनांक, वेळ व स्वाक्षरी नोंदवहीत करावी. उशिरा सापडलेली फाईल सरसकट न चढविता तिच्यातील प्रत्येक नोंद सद्यःस्थितीशी ताडून पाहावी. प्रणाली तयार करणाऱ्यांनीही प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे तोच व्यवहार पुन्हा आल्यास मुख्य संगणक तो नाकारील.

ग्रंथालयांचे संगणकीकरण करू इच्छिणाऱ्या शाळांनी व ग्रामपंचायतींनी यंत्रखरेदीबरोबरच या शिस्तीचाही विचार करावा. ‘संगणकाची चूक’ असे सांगून सभासदाचे समाधान होत नाही. नोंद खरी ठेवणे हे अखेर माणसाचेच काम आहे.