सर्व्हर कुणाच्या नावावर?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



घर कुणाच्या नावावर, सातबारा कुणाच्या नावावर, हे आपण वर्षानुवर्षं विचारत आलो. आज मी आणखी एक प्रश्न विचारणार आहे. आपला सर्व्हर कुणाच्या नावावर आहे?

मी कंपनीत नोकरी करत नाही. घरून, स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर लिहिते. एका सल्ला केंद्रासाठी मी नोंदींचा प्रोग्राम लिहिला. कोण बाई कधी आली, काय ठरलं, पोटगीच्या दाव्याची पुढची तारीख कोणती, हे सगळं त्यात. लिनक्स, पीएचपी ही साधनं मोफत मिळतात, त्यामुळे लिहिताना खर्च आला नाही. पण प्रोग्राम चोवीस तास चालू ठेवणारं यंत्र लागतं. तो सर्व्हर. त्याचं भाडं भरावं लागतं.

आधी मी फुकटची जागा शोधली. पण फुकटची जागा मालकाच्या मर्जीवर असते. हेरोकू या कंपनीने अनेक वर्षं दिलेली मोफत सेवा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केली. मग मी परदेशी सर्व्हर भाड्याने घेतला. माझ्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, म्हणून भावाचं दिलं. त्या कार्डाची मुदत संपली. सूचना त्याच्या ईमेलवर गेल्या, त्याने पाहिल्या नाहीत. एका सकाळी केंद्राच्या नोंदी उघडेनात, आणि दुसऱ्या दिवशी एका बाईची कोर्टात तारीख! जुन्या वहीत ती सापडली म्हणून निभावलं. यंत्र बिघडलं नव्हतं. नाव आणि पैसा आपल्या हातात नव्हता, एवढंच.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळते. लहान केंद्राच्या कामाला मोठा सर्व्हर लागत नाही, एक जीबी मेमरीचा बहुधा पुरतो. नुसती माहितीची पानं असतील तर अनेकांत वाटून घेतलेली स्वस्त जागाही चालते. जाहिरातीतला दर पहिल्या वर्षाचा असतो, नूतनीकरणाचा दर आधी विचारा. बिल डॉलरमध्ये असेल तर रुपया घसरला की भाडं वाढतं, वर जीएसटी आहेच. वापराप्रमाणे बिल लावणाऱ्या ठिकाणी खर्चाची सूचना लावून ठेवा, नाहीतर एका महिन्यात वर्षाचं बजेट संपेल. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राला पैसे मोजू नका, लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते मोफत देते. नोंदींची प्रत दुसऱ्या ठिकाणी, कुलूपबंद ठेवा. आणि खातं, डोमेन, ईमेल संस्थेच्या नावावर हवं. माझ्या नाही, माझ्या भावाच्या तर नाहीच.

स्वस्त म्हणजे नुसतं कमी भाडं नव्हे. सर्व्हर अद्ययावत ठेवणं, प्रती काढणं, रात्री बंद पडला तर उठून पाहणं, हे काम घरकामासारखंच आहे. होत असतं तोवर दिसत नाही. हिशेबात भाडं लिहिता, तसं या कामाचं मानधनही लिहा.

जगात बायांनी असे प्रयोग केले आहेत. सिस्टरसर्व्हर २००५ पासून बाया चालवतात. स्पेनमधल्या अशाच एका सर्व्हरला अनार्का हे नाव दिलं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत एका डॉक्टरने भूल न देता जिच्यावर पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया केल्या, त्या गुलाम स्त्रीचं हे नाव.

आपल्याला भिशी नवी नाही. चार-पाच गटांनी मिळून एक सर्व्हर घेतला, प्रत्येकीच्या नोंदी वेगळ्या कुलपात ठेवल्या, वर्षाचं भाडं वर्गणीतून भरलं, तर एकीवर भार पडणार नाही. किल्ली मात्र दोघीतिघींकडे असू द्या. एक आजारी पडली, एक सोडून गेली, तरी काम थांबता कामा नये.

ज्या बाया आपल्यावर विश्वास ठेवून घरातलं दुःख सांगतात, त्यांचे शब्द कुठे ठेवले आहेत हे आपल्याला माहीत असायला हवं. परत गेल्यावर आपापल्या केंद्रात एवढंच विचारा : बिल कुणाला येतं, आणि पासवर्ड कुणाकडे आहे?