संघ गेला, नाव राहिलं

आज बोलूया सिएटल सुपरसॉनिक्सबद्दल.

हा बास्केटबॉल संघ १९६७ मध्ये सुरू झाला. सिएटल म्हणजे तेव्हा बोइंगचं शहर. कंपनी आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानाच्या मागे लागली होती, त्यावरून संघाचं हे नाव पडलं. गंमत बघा, १९७१ मध्ये सरकारने पैसा थांबवला आणि ते विमान कागदावरच राहिलं. संघ मात्र टिकला. १९७९ मध्ये लेनी विल्कन्स प्रशिक्षक असताना तो एनबीए विजेता झाला. १९९६ च्या अंतिम फेरीत जॉर्डनच्या शिकागो बुल्सकडून ४-२ असा हरला.

मग २००६ मध्ये स्टारबक्सवाले हॉवर्ड शुल्ट्झ यांनी ३५ कोटी डॉलरना संघ विकला, ओक्लाहोमाच्या मंडळींना. त्यांना सरकारी पैशातून नवं स्टेडियम हवं होतं. ते काही मिळालं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००८ मध्ये तडजोड झाली. खेळाडू ओक्लाहोमा सिटीला, अगदी विशीतला केविन ड्युरँटसुद्धा. नाव आणि हिरवा-सोनेरी रंग सिएटलसाठी राखीव.

२०२५ मध्ये तोच संघ ‘ओक्लाहोमा सिटी थंडर’ म्हणून विजेता झाला. सिएटलच्या जुन्या चाहत्याने त्या रात्री टाळ्या वाजवायच्या, की टीव्ही बंद करायचा?

कागदोपत्री संघ मालकाचाच असतो, मान्य. पण मग सिएटलने ते नाव का धरून ठेवलं? मला वाटतं, ४१ हंगामांत लोकांनी कमावलेलं तेवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.