शिष्याची निष्ठा

गुरूने जे दिले ते जसेच्या तसे जतन करणे म्हणजे गुरुनिष्ठा, आणि जन्मभूमीत पाय रोवून राहणे म्हणजे देशनिष्ठा, अशी सर्वसाधारण समजूत असते. चेक पियानोवादक व अध्यापक रुडॉल्फ फिर्कुश्नी यांचे चरित्र पाहिले, म्हणजे या दोन्ही समजुती पुन्हा एकवार तपासून पाहाव्याशा वाटतात.

मोराव्हिया प्रांतातील नापायेद्ला या लहानशा गावी ११ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचा जन्म झाला. पितृछत्र बालपणीच हरपले; कुटुंब ब्रनो शहरी येऊन राहिले. त्याच शहरात लिओश यानाचेक हे थोर संगीतरचनाकार राहत असत. त्यांच्या ‘येनुफा’ या संगीतनाटकाचा प्राग येथे १९१६ साली गौरव झाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. अशा या वृद्ध पुरुषाने अवघ्या पाच वर्षांच्या रुडॉल्फला शिष्य म्हणून पत्करले. बोटांची तालीम यानाचेक यांनी इतरांवर सोपविली. स्वतः त्यांनी मुलाला संगीताची रचना कशी उभी राहते, तिचा प्राण कोठे असतो, हे शिकविले. पियानोचे रीतसर शिक्षण व्हिलेम कुर्त्स या नामांकित अध्यापकांकडे झाले. वयाच्या दहाव्या वर्षी हा मुलगा प्राग येथे चेक फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर वाजविण्यास बसला. पुढे ड्वोरझाक यांचे जामात योसेफ सुक यांच्याकडे रचनाशास्त्राचा आणि आर्थर श्नाबेल यांच्याकडे वादनाचा अभ्यास झाला.

आता गुरुनिष्ठेची गोष्ट. पियानो आणि वाद्यवृंद यांच्या सहवादनासाठी ड्वोरझाक यांनी १८७६ साली एक रचना केली होती. तीतील पियानोचा भाग वाजविण्यास अवघड, पण त्या श्रमाच्या मानाने फारसा उठून न दिसणारा, असा आक्षेप घेतला जाई. म्हणून ती उपेक्षित राहिली. कुर्त्स यांनी त्या भागात पुष्कळ फेरफार करून त्याला नवे रूप दिले. फिर्कुश्नी तेच रूप शिकले आणि तेच घेऊन देशोदेशी हिंडले. या रचनेचे नाव त्यांनी जगाच्या कानी घातले. परंतु उत्तरायुष्यात ते हळूहळू ड्वोरझाक यांच्या मूळ पाठाकडे वळले. यात गुरूचा अवमान नव्हता. गुरूने ज्या रचनेवर प्रेम करण्यास शिकविले, त्या प्रेमानेच शिष्याला गुरूच्या पलीकडे, मूळ उगमापाशी नेले.

१९३९ च्या मार्च महिन्यात हिटलरच्या सैन्याने प्राग शहर व्यापले. फिर्कुश्नी यांनी पॅरिस गाठले; पुढल्या वर्षी फ्रान्सही पडला, तेव्हा ते अमेरिकेस गेले. १९४१ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांचे वादन झाले. त्याच शहरी पॅरिसहून निसटलेले त्यांचे देशबांधव बोहुस्लाव मार्टिनू येऊन पोहोचले होते. या दोन निर्वासितांच्या स्नेहातून चेक संगीताचा परदेशी एक संसारच उभा राहिला. मार्टिनू यांनी आपला तिसरा पियानो कन्चेर्तो फिर्कुश्नी यांना अर्पण केला; चौथाही १९५६ साली प्रथम त्यांनीच न्यूयॉर्कमध्ये वाजविला. मार्टिनू यांना मायभूमीचे पुनर्दर्शन झाले नाही. १९५९ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी देह ठेवला.

महायुद्ध संपताच, १९४६ साली, फिर्कुश्नी प्राग येथे जाऊन वाजवून आले. परंतु १९४८ च्या फेब्रुवारीत तेथे कम्युनिस्टांची एकछत्री सत्ता आली. त्या राजवटीत पुन्हा पाऊल ठेवावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले आणि चार दशकांहून अधिक काळ ते व्रत पाळले. ज्या श्रोत्यांच्या मातृभाषेतून हे संगीत उमलले, त्यांच्यासमोरच ते वाजविता येऊ नये, याहून कठीण शिक्षा कलावंताला कोणती? ती त्यांनी स्वतःच स्वतःस दिली. देशापासून दूर राहिले, पण देशाचे संगीत एक दिवसही दूर केले नाही. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड विद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. येफिम ब्रॉन्फमन यांच्यासारखे ख्यातनाम वादक त्यांच्या हाताखाली शिकले.

१९८९ च्या अखेरीस ती राजवट कोसळली. पुढल्याच वर्षी, ‘प्राग वसंत’ संगीत महोत्सवात, ७८ वर्षांचे फिर्कुश्नी स्वदेशीच्या श्रोत्यांसमोर पियानोवर बसले. मधल्या काळात ४४ वर्षे लोटली होती. त्यानंतर त्यांना जेमतेम चार वर्षे लाभली. १९ जुलै १९९४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील स्टॅट्सबर्ग येथे ते निवर्तले.

गुरूचा पाठ बदलूनही शिष्य निष्ठावंत राहू शकतो आणि मायभूमीचा उंबरठा न ओलांडताही पुत्र तिचाच राहू शकतो. मात्र दोन्ही ठिकाणी एक अट आहे: जे मिळाले त्याचा गाभा कोणता, हे त्याला ओळखता आले पाहिजे. ब्रनोच्या त्या वृद्ध गुरूने पाच वर्षांच्या मुलाला शिकविले ते नेमके हेच.