वर्ध्याचा रफार
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘तू कॉम्प्युटरवाली, सोपं काहीतरी बोल,’ असं संयोजकांनी सांगितलं. मी बोलणार आहे कोर्टकचेरीबद्दल!

बाबांनी निवृत्तीनंतर आठवणी लिहिल्या, त्या कृतिदेव फॉन्टमध्ये. मोबाइलवर उघडलं की मराठीऐवजी नुसती इंग्रजी अक्षरं. म्हणून त्याचं युनिकोड करणारा छोटा प्रोग्राम मी सुट्टीच्या दिवसांत लिहिला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. माझा रफार मागे जाताना जोडाक्षरातच अडकायचा. ‘वर्ध्याला’ लिहिलं की ‘वध्र्याला’ व्हायचं. बाई, वर्ध्याच्याच मुलीकडून ही चूक!

प्रोग्राम मी इंटरनेटवर ठेवला, जीपीएल-३ या परवान्याखाली. कुणीही वापरा, बदला, विकासुद्धा. मात्र माझी कॉपीराइटची सूचना काढू नका, आणि बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर त्याचा सोर्स कोडही त्याच परवान्याखाली द्या.

दोनेक वर्षांनी एका कंपनीचं असंच सॉफ्टवेअर विकत मिळायला लागलं. मी सहज ‘वर्ध्याला’ टाकून पाहिलं. आलं ‘वध्र्याला’! एवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही, म्हणून आतल्या फायली तपासल्या. अक्षरांचा तक्ता माझाच होता, त्यातल्या माझ्या स्पेलिंगच्या चुकांसकट. नाव तेवढं गायब. पत्र लिहिलं, तर उत्तर आलं, ‘फुकट ठेवलं होतं ना, मग तक्रार कसली?’

तेव्हा आपल्याच वर्गातला वकील मित्र धावून आला. (समोर बसलाय, फी अजून घेतलेली नाही.) १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम हे साहित्यकृतीतच मोडतात, आणि हक्कासाठी नोंदणीची सक्ती नाही. कलम ५५ प्रमाणे मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि कमावलेल्या नफ्याचा हिशेब मागता येतो. कलम ६२ मुळे लेखक राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. मी घरूनच काम करते, म्हणजे आपलं वर्ध्याचं कोर्ट! कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैदही आहे, पण तिथपर्यंत जायचं माझ्या मनात नव्हतं.

मला एकच प्रश्न छळत होता. पैसे न घेता दिलेल्या वस्तूचं नुकसान ते काय? याचं उत्तर अमेरिकेतल्या जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात मिळालं. खेळण्यातल्या रेल्वेचा प्रोग्राम, हौसेने लिहिलेला आणि मोफत दिलेला. खालच्या कोर्टाने हा फार तर कराराचा भंग म्हणून मनाई हुकूम नाकारला. २००८ साली अपील कोर्टाने म्हटलं की श्रेय द्या, बदल नोंदवा या परवान्याच्या अटीच आहेत, त्या मोडल्या तर कॉपीराइटचाच भंग. त्याआधी २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने जीपीएल मोडणाऱ्याला मनाई केलीच होती.

आपण सेवाग्रामजवळची माणसं, म्हणून एक आठवतं. गांधीजींच्या ‘हिंद स्वराज’च्या १९१० च्या इंग्रजी आवृत्तीवर कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत असं छापलं होतं. पुढे मात्र त्यांनी आपल्या लिखाणाचे हक्क नवजीवन संस्थेकडे सोपवले. मला दुसरी वाट जास्त पटते. हक्क सोडून दिला असता तर नोटीस कशाच्या जोरावर पाठवली असती?

नोटीस गेली. पहिल्यांदाच नोटीस मिळाल्यावर तीस दिवसांत चूक सुधारली, तर जीपीएल-३ परवाना परत बहाल करतो. महिना संपता संपता कंपनीने माझं नाव लावलं, सोर्स कोडही खुला केला. मी पैसे मागितले नाहीत. यावर आमच्या घरी अजून वाद आहे. ‘त्यांनी कमावले, तुला काय मिळालं?’ असं आई विचारते, आणि तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

रफाराची चूक मी नंतर दुरुस्त केली. तीही त्यांना फुकटच घेता आली असती. परवा पाहिलं, त्यांच्याकडे अजून ‘वध्र्याला’च आहे.